मानमोडीची लस घरच्या कोंबड्यांना स्वतः कशी द्यायची: बाटली आणण्यापासून बाटली उकळण्यापर्यंत

"लस दिली होती हो ताई, तरी मेल्या." हे वाक्य मी आमच्या बचत गटात इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न माझा ठरलेला असतो, लस आणली कशात? उत्तर बहुतेक वेळा पिशवीत, खिशात नाहीतर गाडीच्या डिकीत असंच येतं.

हसण्यासारखं काही नाही, मीही तेच केलं होतं. आमची वस्ती माण तालुक्यात, एप्रिलमध्ये दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही असलं ऊन. आमच्या ह्यांनी तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलमधून लस आणली, दुकानदाराने बर्फाचे दोन खडे पिशवीत टाकून दिले होते पण वाटेत स्टँडवर चहा झाला, मग कुणीतरी भेटलं, घरी येईपर्यंत पिशवीत नुसतं कोमट पाणी आणि त्यात बाटली तरंगतेय. मी आपली तीच लस संध्याकाळी सगळ्यांना टाकली. तीन आठवड्यांनी जत्रेला पाहुणे जिवंत कोंबडा घेऊन आले आणि त्यानंतर आठ दिवसांत ४६ पैकी ३१ कोंबड्या गेल्या. सगळे म्हणाले लस बोगस होती. लस बोगस नव्हती, ती वाटेतच मेली होती. मानमोडीची आपण वापरतो ती बहुतेक लस जिवंत असते, तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, तो कोंबडीच्या अंगात जाऊन वाढला तरच प्रतिकारशक्ती तयार होते. उन्हात तो मेला की मग बाटलीत राहतं ते पाणी, भले बाटलीवरची तारीख पुढच्या वर्षीची असू दे. खाली जे सगळं लिहिलंय ते या एकाच गोष्टीभोवती फिरतं, की विषाणू जिवंत असेपर्यंत तो कोंबडीच्या डोळ्यात कसा पोचवायचा.

आधी रोग ओळखा

मानमोडी म्हणजे रानीखेत, इंग्रजीत याला न्यूकॅसल म्हणतात. १९२६ ला हा इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि तिकडे जावा बेटावर दिसला, आपल्याकडे १९२७ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातल्या रानीखेतला, म्हणून ते नाव पडलं. कोंबडी आधी सुस्त होते, पंख सोडते, खाणं टाकते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ हगते. त्यातून वाचली तर दोन-चार दिवसांनी मान पिरगळायला लागते, डोकं पाठीकडे नाहीतर पायात वळतं, गोल गोल फिरते, दाण्यावर चोच मारायला जाते आणि चोच भलतीकडेच पडते. हे एकदा बघितलं की विसरत नाही. अंड्यावरच्या कोंबड्या असतील तर अंडी एकदम घटतात, मऊ कवचाची नाहीतर वेडीवाकडी पडतात. साधारण पाच-सहा दिवसांत लक्षणं येतात पण दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतात, त्यामुळे बाजारातून आणलेली टुणटुणीत कोंबडी दहाव्या दिवशी पडते आणि आपण म्हणतो हिला कुणाची नजर लागली.

औषध नाही. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, हळद-लसूण-गुळाने पण नाही. आहे ती फक्त लस.

अजून एक, एकाच रात्रीत ढिगाने मर झाली, तुरे निळे-काळे पडले, तोंडं सुजली, आसपास कावळे पण मरून पडलेत असं असेल तर लसीच्या नादाला लागू नका, मेलेल्याला हातही लावू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा नाहीतर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाईन नंबरवर फोन करा. तो बर्ड फ्लू असू शकतो, आपल्या नवापूरला २००६ साली देशात पहिल्यांदा आला तो. मानमोडीच्या लसीने बर्ड फ्लू अडत नाही.

कुठल्या वयाला कुठली लस

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण मेडिकलवाला विचारतो "कुठली देऊ, लासोटा का आर-टू-बी?" आणि आपण म्हणतो कुठलीपण द्या, मानमोडीची द्या. तसं नाही चालत.

पिल्लं ५ ते ७ दिवसांची झाली की एफ-वन नाहीतर लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. मग चौथ्या आठवड्याला, साधारण २८ व्या दिवशी, लासोटाचा बूस्टर, परत डोळ्यातच दिलेला बरा, जास्त पक्षी असतील तर पाण्यातून. मग ८ आठवडे पूर्ण झाल्यावर आर-टू-बी, ही इंजेक्शनने, पंखाखाली अर्धा मिली. त्यानंतर दर सहा महिन्यांनी आर-टू-बी परत, अंड्यावर असलेल्या कोंबडीला मात्र लासोटा. मधे १४ व्या दिवशी गंबोरोची लस असते आणि सहा-आठ आठवड्यांच्या आसपास देवीची, पण ते वेगळे रोग, त्यांच्यात आणि मानमोडीच्या लसीत आठवडाभराचं तरी अंतर ठेवा, एका दिवशी सगळं उरकायला जाऊ नका.

आर-टू-बी ही लस मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली, म्हणजे ज्या कुमाऊँच्या डोंगराने रोगाला नाव दिलं तिथलीच. पण ती तिखट आहे. लासोटा सौम्य, आर-टू-बी तिच्यापेक्षा बरीच जोरकस, म्हणून तिचा परिणाम जास्त टिकतो आणि म्हणूनच ती लहान पिल्लाला दिली तर लसच त्याला लुळं करते, मारतेसुद्धा. सहा आठवड्यांच्या आत कधीच नाही, आणि आधी लासोटा किंवा एफ-वन झालेली नसेल तर आठ आठवड्यांच्या पक्ष्यालाही थेट नाही, आधी लासोटा द्या, तीन-चार आठवडे थांबा, मग आर-टू-बी. अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिली तर काही दिवस अंडी कमी होतात, तिला लासोटाच बरी. तलंगा अंड्यावर यायच्या आधी आर-टू-बी उरकून टाकायची, हे सोपं.

मोठ्या लेअर (अंड्याच्या) फार्मवर मारलेल्या विषाणूची तेलातली लस पण देतात, मानेच्या कातडीखाली. घरच्या कोंबड्यांना ती शक्यतो लागत नाही पण कधी दिलीत तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा, ती गोठली की वाया जाते, आणि चुकून स्वतःच्या बोटात टोचली तर थांबू नका, लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जा आणि लसीचं खोकं दाखवा. तेलामुळे बोट फार वाईट सुजतं, साधी सुई टोचली असं समजून घरी बसायची गोष्ट नाही ती.

शंभर डोसची बाटली आणि अकरा कोंबड्या

आता खरी अडचण. बाटली १०० नाहीतर २०० डोसची, कधी ५०० ची, आणि तुमच्याकडे कोंबड्या अकरा. एकदा बाटली उघडली की ती दोन तासांत संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या महिन्याला वापरता येत नाही. म्हणून एकट्याने लस आणणं परवडत नाही आणि परवडत नाही म्हणून कुणीच आणत नाही, आणि मग एका घरात रोग शिरला की सगळी वस्ती साफ.

आम्ही काय करतो तर आठ-दहा घरं मिळून एक दिवस ठरवतो. आठवडाभर आधी वहीत मोजणी, कुणाकडे किती पिल्लं, किती तलंगा, किती मोठ्या, कुठल्या कोंबडीखाली पिल्लं किती दिवसांची. गावरानात हीच कटकट असते, फार्मसारखी एका दिवसाची एक बॅच नसते, प्रत्येक खुडूक कोंबडी आपल्या मर्जीने पिल्लं काढते. त्यामुळे दिवस मोजत बसण्यापेक्षा आमचा नियम असा, दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी लासोटा, त्या दिवशी जी पिल्लं पाच दिवसांच्या वरची असतील त्यांना पहिला थेंब नाहीतर बूस्टर जे असेल ते. कुणाला पाचव्या दिवशी मिळतो कुणाला पंचविसाव्या, पुस्तकात बसत नाही ते, पण पुस्तकातल्या तारखेची वाट बघत एकही थेंब न मिळण्यापेक्षा लाख पटीने बरं. आणि वर्षातून दोनदा आर-टू-बी, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा आखाडाच्या आधी.

तारीख ठरवताना जत्रा बघा. आमच्याकडे चैत्रात जत्रा, तेव्हा बाजारातून कोंबडे येतात, पाहुण्यांच्या पिशवीतून येतात, आणि त्यांच्याबरोबर रोग येतो. लस दिल्यापासून अंगात ताकद यायला दोन आठवडे धरा, म्हणजे जत्रेच्या तीन आठवडे आधी लस झालेली पाहिजे. आदल्या दिवशी देऊन काही उपयोग नाही.

लस कुठे मिळते? पहिले गावातल्या किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आपल्या राज्यात पुण्याला औंधच्या संस्थेत या लसी बनतात आणि दवाखान्यांना जातात. तिथे शिल्लक नसेल तर व्हेटरनरी मेडिकल. गावात उमेदची (सरकारच्या बचत गटांच्या अभियानाची) पशुसखी, म्हणजे जनावरांच्या कामाचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, असेल तर तिला दिवस ठरवताना बरोबर घ्या, मला डोळ्यात थेंब टाकायला एका पशुसखीनेच शिकवलं, तिचा हात बघून जे कळलं ते कुठल्या कागदावरून कळलं नसतं. पहिल्या वेळी आर-टू-बी तर दवाखान्यातल्या माणसाच्या नजरेखालीच टोचा.

आणताना

थर्माकोलचा बॉक्स नाहीतर चांगला थर्मास, तोंड रुंद असलेला. त्यात बर्फाचे पॅक, घरी नसतील तर पाण्याच्या छोट्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून घ्या. लसीची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कागदात गुंडाळून मधे, म्हणजे वितळलेल्या पाण्याने लेबल निघणार नाही. लस विरघळवायचं द्रावण, ज्याला ते डायल्युएंट म्हणतात, तेपण बरोबर मागून घ्या आणि तेही थंडच ठेवा.

दुकानात हे बघा: लस फ्रीजमधून काढून देतोय का काउंटरच्या कपाटातून. कपाटातून देत असेल तर नको म्हणा, वाद घालू नका, दुसरीकडे जा. तारीख बघा. बाटलीच्या तळाला पांढुरकी वडी असते, ती कोरडी आणि अखंड पाहिजे, वितळून चिकटलेली, आक्रसलेली, रंग बदललेली असेल तर ती गेली.

लस घ्यायची ती शेवटचं काम म्हणून. आधी बाजार, आधी बँक, आधी चहा, मग लस आणि मग थेट घर. आमच्याकडे आता हा कायदाच आहे.

घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ डिग्रीला. दारात नाही, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. फ्रीजरमध्येही नको, कोरडी वडी गोठली तरी तग धरते पण द्रावणाची बाटली फुटते. लाईट जाते तिथे फ्रीजमध्ये पाण्याच्या चार बाटल्या भरून ठेवा, चार-पाच तास गारवा टिकतो, दार मात्र उघडू नका. शक्यतो लस आणली त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे वापरून मोकळं व्हा.

आदली रात्र

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या सकाळी खुराडं उघडल्यावर पकडायला निघालात तर दोन तास पळापळ होते आणि तेवढ्यात लस मरते. म्हणून रात्री सगळ्या डालग्यात, झापात, खुराड्यात बंद झाल्या का मोजून घ्या, झाडावर बसणाऱ्या उतरवून आत घाला. पहाटे अंधारात कोंबडी गप असते, बॅटरीच्या मंद उजेडात हात घातला की हातात येते. उन्हाळ्यात आम्ही साडेपाचला सुरू करतो, आठच्या आत संपतं.

आजारी, झुरलेली कोंबडी दिसली तर तिला आधीच बाजूला करा, आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही. जंताचं औषध आठवडाभर आधी देऊन घ्या, जंत झालेल्या कोंबडीला लस नीट लागत नाही. आणि पिण्याच्या पाण्यात गूळ-मीठ नाहीतर व्हिटॅमिन आदल्या दिवसापासून चालेल, ताण कमी होतो.

सामान काढून ठेवा: ड्रॉपर, दोन मिलीची सिरिंज आणि सुया, बर्फाचा डबा, खुणेसाठी नेलपॉलिश, वही, कचऱ्याला एक पातेलं. सिरिंज-ड्रॉपर साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून, पूर्ण गार करून. डेटॉल, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही लसीच्या भांड्याला लावायचं नाही. जे जंतू मारतं ते लसही मारतं, हे सांगून सांगून मी दमले तरी प्रत्येक वेळी कुणीतरी स्वच्छता म्हणून स्पिरिटचा बोळा घेऊन येतंच.

लस मिसळायची कशी

आधी थेंब मोजा. हे कुणी करत नाही आणि इथेच गणित चुकतं. ज्या ड्रॉपरने देणार त्यात साधं पाणी बरोबर १ मिली घ्या, सिरिंजने मोजून, आणि उभा धरून थेंब पाडा. समजा २८ थेंब पडले, तर १०० थेंबांना साधारण साडेतीन मिली द्रावण लागणार. जाड तोंडाचा ड्रॉपर असेल तर २० च थेंब पडतील, मग ५ मिली. कंपनीचा ड्रॉपर आणि मोजलेलं द्रावण आलं असेल तर काही करायला नको, कागदावर लिहिलंय तसंच करा.

मग सिरिंजमध्ये एक-दोन मिली थंड द्रावण घेऊन सुई लसीच्या बाटलीच्या रबरातून आत घाला. बाटली स्वतःहून द्रावण ओढून घेते, आत हवा काढून पोकळी केलेली असते म्हणून. ओढलं नाही तर समजा बाटलीत आधीच हवा शिरलीये, तिच्यावर विश्वास ठेवू नका. बाटली हळू हळू फिरवा, दोन तळव्यांत नको, बोटांच्या टोकांत धरून, ताक घुसळल्यासारखी हलवून फेस आणू नका. वडी पूर्ण विरघळली की ते ड्रॉपरच्या बाटलीत काढा, लसीची बाटली उरलेल्या द्रावणाने एकदा विसळून तेपण त्यातच. घड्याळ बघून वेळ वहीत लिहा. इथून पुढे उन्हाळ्यात एक तास, थंडीत फार तर दोन.

ड्रॉपरमध्ये एकावेळी थोडीच लस भरा, बाकीची बर्फावर आणि वर ओलं फडकं. सगळी लस मुठीत धरून अर्धा तास फिरलात तर हाताच्या उबेने पण ती मरते.

डोळ्यात थेंब

दोघं लागतात, एक पकडणारा आणि एक टाकणारा. मोठ्या कोंबडीला काखेत धरायचं, पंख दाबून, पाय हातात, डोकं टाकणाऱ्याकडे. पिल्लू मुठीत मावतं, अंगठा आणि पहिल्या बोटाने डोकं हलकं आडवं करायचं, एक डोळा वर. गळा दाबू नका, नवशिक्याचा हात नेहमी गळ्यावर जातो आणि पिल्लू धडपडायला लागलं की तो अजून दाबतो.

ड्रॉपर उभा, डोळ्यापासून बोटभर वर, टेकवायचा नाही. टेकला तर डोळ्याला इजा होते, शिवाय एकाची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. एक थेंब सोडा. आणि आता थांबा. थेंब डोळ्यावर मण्यासारखा उभा राहतो, मग कोंबडी डोळा मिचकावते आणि मणी पसरून नाहीसा होतो, की झालं. हे दीड-दोन सेकंदांचं काम आहे पण या दोन सेकंदांतच घाई होते, थेंब पडला की पकडणारा सोडून देतो, कोंबडी डोकं झटकते आणि लस जमिनीवर. तो मणी पसरलेला बघितल्याशिवाय सोडायचं नाही, हे पकडणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. थेंब गालावर ओघळला तर दुसरा टाका, कंजूषपणा नको, शंभराच्या बाटलीत नव्वद कोंबड्या धरूनच चाला.

डोळ्यात जमत नसेल तर नाकात, एक नाकपुडी बोटाने बंद करा, दुसरीवर थेंब ठेवा, ती श्वासाबरोबर आत ओढून घेते. पिल्लांना हे कधी कधी सोपं जातं.

दिलेल्याच्या पायाच्या नखीला नेलपॉलिशचा ठिपका, आणि सोडायची ती दुसऱ्या कप्प्यात, परत त्याच खुराड्यात नाही. आमच्या जाऊबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, मला माझी प्रत्येक कोंबडी तोंडावरून ओळखू येते, ठिपका कशाला. शेवटी दोन काळ्या तलंगांना दोनदा मिळाली आणि एक पांढरी राहून गेली, आता नेलपॉलिश त्याच आणतात.

स्वतःला सांभाळा. हा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळे लाल होतात, चुरचुरतात, काही दिवसांत जातं पण त्रास होतोच. साधा चष्मा लावा, डोळे चोळू नका, संपल्यावर साबणाने हात.

पंखाखाली आर-टू-बी

१०० डोसच्या बाटलीला साधारण ५० मिली थंडगार नॉर्मल सलाईन, म्हणजे प्रत्येकी अर्धा मिली. बाटलीवरचा कागद वाचून घ्या, डोस वेगळा असेल तर गणित बदलतं. सलाईन मिठाचं, ग्लुकोजचं नाही.

पंख उचला, आतल्या बाजूला पिसं विरळ असतात, तिथे कातडी चिमटीत धरून वर ओढली की तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीत तिरकी. आरपार गेली तर लस दुसऱ्या बाजूने पिसांवर येते, बोट ओलं लागलं की समजा वाया गेली, परत द्या. ठळक दिसणारी निळी शीर टाळा. बारीक आणि आखूड सुई वापरा, बावीस नंबरची अर्धा इंची पुरते. दर दहा-पंधरा कोंबड्यांनी सुई बदला, घर बदललं की सुई बदलायचीच. कातडी फार घाण असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा, स्पिरिट नको, का ते वर सांगितलंच.

त्या दिवशी सहा आठवड्यांच्या आतली पिल्लं आठवडाभर तरी लांब, वेगळ्या डालग्याखाली ठेवा, टोचलेल्या कोंबड्यांच्या विष्ठेतून लसीचा विषाणू बाहेर पडतो. टोचल्यावर दोन-तीन दिवस काही कोंबड्या मलूल दिसतात, एखादी पाय ओढते, बहुतेक सावरतात.

पाण्यातून देणार असाल तर

मोकळ्या सोडलेल्या गावरानला मी पाण्यातून देत नाही, ती तुमचं भांडं सोडून मोरीतलं पाणी पिऊन येते. शेडमध्ये बंद शंभर-दोनशे पक्षी असतील तर ठीक. पाणी किती, तर पक्ष्यांची संख्या गुणिले वय दिवसांत, भागिले १०००, उत्तर लिटरमध्ये. १०० पक्षी २८ दिवसांचे म्हणजे २.८ लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त. विहिरीचं नाहीतर उकळून गार केलेलं पाणी घ्या, नळाचं टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेलं नको, आणि आदल्या दिवसापासून पाण्यात कुठलंही जंतुनाशक नको. लिटरला दोन चमचे बिनसायीची दूध पावडर अर्धा तास आधी मिसळून ठेवा, उरलंसुरलं क्लोरीन ती मारते, मग लस. पक्ष्यांना सकाळी तासभर, थंडीत दीड-दोन तास तहानलेलं ठेवा, भांडी प्लास्टिकची आणि इतकी की एकावेळी बहुतेकांना चोच घालता येईल, नाहीतर दांडगे कोंबडे पिऊन जातात आणि बारकी पिल्लं तशीच. दीड-दोन तासांत पाणी संपलं पाहिजे.

लस दिल्यावर

लासोटानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिंका, थोडी घरघर येते, लस लागल्याची ती खूण, घाबरून अँटिबायोटिक चालू करू नका. आठवड्याच्या वर राहिली, वाढत गेली तर मात्र दवाखाना. अंडी खायला हरकत नाही. कापायच्या कोंबड्यांसाठी बाटलीच्या कागदावरचे दिवस पाळा, साधारण तीन आठवडे धरतात, म्हणजे आखाडात विकायचे कोंबडे असतील तर तारीख आधीच मागे धरा.

नवीन आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी, लांबच्या खोपीत, तिचं पाणी वेगळं आणि तिला दाणे सगळ्यात शेवटी. आठवडी बाजारातून न विकलेला कोंबडा परत घरी आणला तर तोही नवीनच समजा. याच्यावरून घरात भांडणं होतात, माझ्या सासूबाई म्हणतात आपलाच तर कोंबडा आहे. आपलाच, पण दिवसभर कुणाकुणाच्या कोंबड्यांच्या टोपल्याशेजारी बसून आलाय.

शेजारी रोग आलाच असेल

तर ज्या घरात कोंबड्या पडतायत तिथून सुरुवात करू नका. त्या घरातल्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांच्या अंगातही रोग शिरलेला असतो, लस देऊनही त्या मरतात आणि मग गावभर होतं की लसीनेच मेल्या, पुढची पाच वर्षं कुणी लस घेत नाही. दवाखान्यात कळवा, हा कळवायचाच रोग आहे, आणि त्यांच्या सल्ल्याने लांबच्या निरोगी घरांपासून लासोटा देत आत या. त्या दिवशी एकाच माणसाने एका घरातून दुसऱ्या घरात जाताना चप्पल आणि हात धुतलेच पाहिजेत, लस देणाराच रोग वाटत फिरतो असं होतं.

मेलेल्या ओढ्यात टाकायच्या नाहीत, कुत्री घेऊन गावभर करतात. कंबरेएवढा खड्डा, वर चुना, वर माती आणि काटेरी फांद्या. आणि पडायला लागलेल्या घाईघाईने विकायच्या नाहीत, आपल्याकडे रोग असाच कुणाच्या तरी घाईने आलेला असतो. रिकाम्या खुराड्यात चुना मारून महिनाभर तरी नवीन पक्षी नको.

सगळं संपल्यावर उरलेली लस, रिकाम्या बाटल्या, ड्रॉपर पातेल्यात टाकून वीस मिनिटं उकळा, मग बाटल्या पुरून टाका. सुया झाकणाच्या डब्यात, दवाखान्यात परत. पातेलं लसीचंच ठेवा, आमच्याकडे त्याला लाल रंगाचा पट्टा मारलाय कारण एकदा त्यात कुणीतरी चहा ठेवला होता. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला कोंबड्यांचा आकडा आणि बाटलीचा बॅच नंबर, आणि पुढच्या महिन्याच्या चौकोनात एक थेंब काढून ठेवायचा. ह्या वेळच्या चौकोनात ८३ लिहिलंय, नऊ घरांच्या मिळून, आणि खाली जाऊबाईंच्या अक्षरात, "पांढरी राहिली नाही."